गटारीनंतरचा पत्ता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दीप अमावास्या जवळ आली की मटणाचे भाव, चिकनच्या दुकानांपुढच्या रांगा आणि वाइन शॉपवरची गर्दी यांच्या बातम्या सगळ्याच वर्तमानपत्रांत येतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आम्हाला बोलायचे आहे ते दुसऱ्या दिवसाबद्दल. श्रावण लागतो आणि अनेक घरांत बाटली बंद होते. कुणाची महिनाभर, कुणाची गणपती उठेपर्यंत. या दीड महिन्यात व्यसनमुक्तीच्या कामातल्या माणसांना एक प्रश्न हमखास विचारला जातो, बहुधा बायको किंवा आई विचारते : 'आत्ता पीत नाहीत, तर कायमचं सुटावं म्हणून कुठे न्यायचं?' अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए. ए., ही दारू सोडू इच्छिणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेली संघटना. तिची जवळची मीटिंग हे त्याचे एक चांगले उत्तर आहे. पण ती मीटिंग शोधायला निघालेला माणूस वाटेत चार ठिकाणी अडतो आणि पाचव्या ठिकाणाहून परत फिरतो. तो कुठे अडतो आणि त्यातून वाट कशी काढायची, ते या पत्रात लिहीत आहोत. शेवटी आपल्याकडे एक मागणेही आहे.

त्याआधी एक इशारा, कारण तो श्रावणाच्या पहिल्या चार दिवसांचाच आहे. रोज पिणारा, त्यातही सकाळी हात थरथरतात म्हणून 'उतारा' घेणारा माणूस एकदम बंद करतो, तेव्हा शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ८ तासांत कंप, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. १२ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या टप्प्यात काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसाशी बोलणे चालते, दिवस-रात्र कळत नाही. गटारीच्या रात्रीपासून मोजले तर हा दुसरा ते चौथा दिवस. घरच्यांना वाटते, बाहेरचे काहीतरी लागले. मग देवऋषी, अंगारा, उतरवून टाकणे. यात वेळ जातो आणि माणूसही जाऊ शकतो. पूर्वी कधी आकडी आलेली असेल, सकाळचा उतारा लागत असेल किंवा वय, लिव्हर, साखर यांची भानगड असेल, तर आधी डॉक्टर आणि मग मीटिंग. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हे उपचार होतात. आकडी किंवा भ्रम दिसताच १०८ ला फोन करावा. गल्लीतल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आहे, ग्लुकोज चढवा' असा आग्रह धरू नये. पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व आटलेले असते. ते ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर मिळाले नाही तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. हे डॉक्टरांना माहीत असते, फक्त समोरचा रोज किती पितो हे त्यांना कुणी खरे सांगत नाही. आणखी एक : चहात किंवा भाजीत लपवून दिलेली 'दारू सोडवायची गोळी'. ती डायसल्फिराम असेल तर वरून दारू प्याल्यावर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही तिचा असर आठवडा-दोन आठवडे राहतो. ही गोळी पिणाऱ्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

आता मीटिंगकडे. ए. ए. ची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी झाली, एक शेअर दलाल आणि एक सर्जन या दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून. १९५७ पासून मुंबईत तिच्या सभा भरतात. म्हणजे ही चळवळ आपल्या महाराष्ट्र राज्यापेक्षा तीन वर्षांनी थोरली. तरीही ज्याला गरज आहे त्याला पत्ता मिळत नाही. याचे कारण तिच्याच नियमांत आहे. ए. ए. च्या बारा परंपरांपैकी अकरावी सांगते की जाहिरातबाजी करायची नाही, लोकांनी आपणहून ओढले जावे, आणि वर्तमानपत्रात सभासदाचे नाव किंवा चेहरा येता कामा नये. सातवी परंपरा बाहेरून देणगी घ्यायची नाही असे सांगते, त्यामुळे फलकबाजीला पैसेही नसतात. महानगरपालिकेची शाळा, चर्चचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, दवाखान्याचा पडवीवजा कोपरा, अशा जागी आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी दीड तास ही मंडळी जमतात, चहा पितात आणि खुर्च्या रचून जातात. पाठीमागच्या फाटकाच्या रखवालदारालाही ती कोण आहेत हे धड ठाऊक नसते. लपवाछपवी कसली नाही. पण परिणाम तोच होतो.

मोबाइलवर 'दारू सोडवणे जवळ' असे टाकले की पहिल्या पाच-सहा ओळी खासगी केंद्रांच्या जाहिरातींच्या येतात. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो, पेशंटचे नाव-पत्ता घेतो आणि 'गाडी पाठवतो, उचलून आणतो' म्हणतो. इथे घोटाळा होतो. ए. ए. कुणाला भरती करून घेत नाही, डिपॉझिट मागत नाही, गाडी पाठवत नाही. यांपैकी एक जरी शब्द कानावर आला तर आपण दुसऱ्याच दारात उभे आहोत असे समजावे. भरती करण्याची गरज असूही शकते, ती वेगळी गोष्ट. मुंबईचे कृपा फाउंडेशन १९८१ पासून आणि पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहेत, आणि चांगली केंद्रे आणखीही आहेत. पण भरती करण्याआधी केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी पाहायला मागावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. हातपाय बांधून नेणे हा त्या कायद्यातला उपचार नाही.

मग खरा पत्ता कुठून मिळवायचा? ए. ए. चे भारतातले मध्यवर्ती सेवा कार्यालय, म्हणजे जनरल सर्व्हिस ऑफिस, मुंबईत आहे. मोबाइलवर 'ए. ए. जी. एस. ओ. इंडिया' असे शोधले की त्याचे संकेतस्थळ सापडते. तिथून आपल्या भागातल्या मीटिंगा आणि संपर्क मिळवावा. इंटरनेट जमत नसेल तर केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला, १४४४६ वर, फोन करावा. मन फार खचले असेल किंवा रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवे असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही सरकारी क्रमांक आहेत, ए. ए. चे नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. तिसरी वाट जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातली. तिथल्या समाजसेवा अधीक्षकाला किंवा समुपदेशकाला गावातली मीटिंग कुठे भरते हे बहुतेक वेळा ठाऊक असते, कारण ए. ए. चे लोक माहिती द्यायला दवाखान्यांत जात असतात.

यादीत नाव सापडले म्हणजे मीटिंग सापडली असे मात्र नव्हे, आणि सर्वांत जास्त माणसे इथेच गळतात. यादी छापली जाते त्या दिवसापासून शिळी व्हायला लागते. शाळेला मे महिन्याची सुटी लागते, निवडणुकीत वर्गखोल्या मतदान केंद्राला जातात, गणपतीत हॉलमध्ये मखर उभे राहते, पावसात छत गळते म्हणून मंडळी शेजारच्या बालवाडीत सरकतात. पहिल्यांदा धीर गोळा करून आलेला माणूस कुलूप पाहतो आणि तिथून सरळ गुत्त्यात जातो, कारण आता त्याला सबळ कारण मिळालेले असते. म्हणून ज्या दिवशी जायचे त्याच दिवशी सकाळी फोन करावा. आदल्या आठवड्यात केलेला फोन धरू नये.

फोनवर काय विचारायचे तेही सांगतो. वार आणि वेळ तर विचारालच. जागा विचारताना इमारतीचे नाव, मजला आणि कोणत्या फाटकाने आत यायचे इथपर्यंत विचारा. 'चर्चमध्ये' एवढे उत्तर पुरत नाही, कारण संध्याकाळी मुख्य दार बंद असते आणि हॉल मागे असतो. मीटिंग कोणत्या भाषेत चालते? मुंबईत एकाच उपनगरात इंग्रजी, हिंदी, मराठी, तमिळ अशा वेगवेगळ्या मीटिंगा असू शकतात. तिथे मातृभाषेत बोलता आले नाही तर माणूस दुसऱ्या वेळी येत नाही. मीटिंग खुली आहे की बंद, हे विसरू नका. खुल्या मीटिंगला घरचे, मित्र, डॉक्टर, कुणीही बसू शकते. बंद मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. हे न विचारता नवऱ्याबरोबर गेलेल्या बाईला दीड तास बाहेरच्या बाकावर बसावे लागते, आणि तिला तो अपमान वाटतो. शेवटी विचारा, 'फाटकाशी कुणी भेटेल का?' बहुधा 'हो' असेच उत्तर येते. आणि जमल्यास हा फोन पिणाऱ्याने स्वतः करावा, सकाळी, न प्यालेला असताना. घरच्यांनी नंबर लावून द्यावा, बोलणे त्याचे. त्याने मागितले तर सभासद घरी येऊनही भेटतात. तसे जाताना सहसा दोघे मिळून जातात, एकटा जात नाही. रखवालदाराला मात्र 'दारू सोडायची शाळा कुठे' असे विचारू नये, 'ए. ए. ची मीटिंग' म्हणावे. एवढे पुरते आणि रस्त्यावरच्या लोकांना काही कळत नाही.

आत गेल्यावर काय होते, याची भीती फार मोठी असते आणि प्रत्यक्षात तिथे फारसे काही घडत नाही. नाव सांगायचे तर फक्त पहिले, तेही सक्तीने नाही. आडनाव, जात, नोकरी, पगार कुणी विचारत नाही. हजेरीपट नसतो. फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, तीत सभासद पाच-दहा रुपये टाकतात, त्यातून जागेचे भाडे आणि चहा निघतो. नव्या माणसाने काही टाकले नाही तरी कुणी बघत नाही. प्रार्थनेने सुरुवात, मग एकेक जण उठून 'मी अमुक, मी मद्यपी' म्हणत आपले सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. आपली पाळी आली आणि बोलायचे नसेल तर 'आज ऐकतो' म्हटले की झाले. प्यालेला माणूसही सहसा मागच्या खुर्चीवर बसू शकतो, अट एवढीच की गप्प बसावे. सभासद होण्याची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. ती इच्छा अर्धवट असली तरी चालते, पूर्ण असती तर माणूस तिथे आलाच नसता.

'देव' या शब्दाला अडखळून परत जाणारेही पुष्कळ. ए. ए. च्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी तिने आखलेल्या वाटेत, देवाचा उल्लेख आहे, पण 'ज्याला जसा समजेल तसा' ही पुस्ती त्याला जोडलेली आहे. वारकऱ्याला ती माळ असू शकते, कुणाला समोर बसलेला गटच. बौद्ध वाचकांना पंचशीलातले पाचवे, नशेपासून दूर राहण्याचे शील वेगळे सांगायला नको. पायऱ्या बाजूला ठेवून त्याच्या आधारावर मीटिंगला बसणाऱ्याला कुणी अडवत नाही. नास्तिकालाही नाही. जागा चर्चची असली तरी चर्चशी संबंध भाड्यापुरता. आपल्याकडे पंढरीला जाऊन माळ घालून दारू सोडण्याची रीत जुनी आहे, आणि ज्यांची त्याने सुटली त्यांची सुटली. माळकऱ्याला टिकवून धरते ती मागे-पुढे चालणारी दिंडी. मीटिंग हीही तशीच आठवड्याची वारी आहे, एवढे समजले तरी पुष्कळ अडखळणे कमी होते.

एका मीटिंगवरून मत बनवू नये. गट गटासारखा नसतो. कुठे सगळे साठीचे, कुठे कॉल सेंटरची पोरे; कुठे एक गृहस्थ वीस मिनिटे बोलून बाकीच्यांची वेळ खातात (असा एक तरी प्रत्येक गटात असतोच). म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या गटांत मिळून निदान सहा मीटिंगा बसावे आणि मग ठरवावे. श्रावण प्रतिपदा ते अनंत चतुर्दशी सहा आठवडे होतात. आठवड्याला एकच मीटिंग धरली तरी हिशेब बरोबर जुळतो, आणि डोके स्वच्छ असते हा फायदा वेगळाच. जुने सभासद नव्याला ९० दिवसांत ९० मीटिंगा सांगतात. मुंबई-पुण्यात ते जमू शकते. पहिल्याच दिवशी तीन-चार सभासदांचे फोन घ्यावेत, एकाचा नव्हे, कारण तलफ येते तेव्हा तो एक जण लोकलमध्ये असतो. पुढे त्यांतल्या एकाला स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सोबती, व्हायला विनवावे. पुरुषाला पुरुष, बाईला बाई, हा संकेत पाळावा. आणि कुणी सभासद 'मानसोपचाराच्या गोळ्या सोड, त्याही नशाच' म्हणाला तर ते ऐकू नये. डॉक्टर होण्याचा अधिकार ए. ए. आपल्या सभासदाला देत नाही.

'श्रावण पाळतो, म्हणजे मी व्यसनी नाही,' हे वाक्य आम्हाला पाठ आहे. श्रावणात थांबता येते हे खरेच. पण अनंत चतुर्दशीची तारीख ज्याला कॅलेंडर न बघता सांगता येते, त्याने मीटिंगला एकदा बसून बघावे.

घरच्यांसाठी वेगळी संघटना आहे, अल-अ‍ॅनॉन, १९५१ पासूनची. तिचाही पत्ता असाच शोधायचा. तिथे नवऱ्याची दारू सोडवायची युक्ती सांगत नाहीत, आणि पहिल्या वेळी गेलेल्या बायका त्यामुळे नाराज होतात. साहेबांना 'ताप आहे' असा फोन करणे, उधारी फेडणे, बाटल्या मोरीत ओतणे, यांतले आपण काय थांबवायचे ते तिथे कळते. नवरा मीटिंगला येवो न येवो, तिने जावे. पुण्यात मुक्तांगणचा पत्नींसाठीचा 'सहचरी' गट आहे, पिणाऱ्या स्त्रियांसाठी 'निशिगंध' आहे. पिणाऱ्या बाईला पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने शिरणे किती जड जाते हे लिहायची गरज नाही. तिने आधी फोनवर स्त्री सभासद मागावी आणि तिच्याबरोबर जावे, किंवा ऑनलाइन सुरुवात करावी.

तालुक्याच्या गावांचे दुखणे वेगळेच. मीटिंग जिल्ह्याला, संपणार साडेआठला, शेवटची एस. टी. आठला. अशांनी फोनवर रविवार सकाळची मीटिंग विचारावी आणि मधले दिवस ऑनलाइन मीटिंगा धराव्यात. कोरोनाच्या काळापासून त्या रुळल्या आहेत. आखातातल्या, अमेरिकेतल्या मराठी माणसालाही त्यात बसता येते. आपल्याकडे रात्री आठला मीटिंग असेल तेव्हा दुबईत साडेसहा वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा. कॅमेरा बंद ठेवावा, पडद्यावरचे नाव बदलून फक्त पहिले ठेवावे, कानात हेडफोन घालावा. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि दुसऱ्यांचे बोलणे घरभर ऐकू जाते.

गावात गट नसेल तर काढता येतो. दारू सोडू इच्छिणारी दोन-तीन माणसे एकत्र बसली की तो ए. ए. चा गट होऊ शकतो. एक खोली, न बदलणारा वार आणि वेळ, मध्यवर्ती कार्यालयाकडून मागवलेले मराठी साहित्य, चहाची किटली. खोली फुकट मिळाली तरी महिन्याला थोडे का होईना भाडे द्यावे. पहिले सहा महिने कधी दोघे, कधी एकटाच बसलेला असतो; ठरल्या वेळी दार उघडे ठेवायचे, एवढेच काम. गट मोडतात ते वार बदलल्याने. किंवा सरपंचांना उद्घाटन करायचे असते, सोबत फोटोग्राफर येतो आणि पुढच्या आठवड्यात खोली रिकामी असते.

आता मागणे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. मीटिंगचा उपयोग किती, याचा २०२० सालचा कॉक्रेन आढावाही, म्हणजे उपचारांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावाही, उपलब्ध आहे. २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसे तपासून त्याने असा निष्कर्ष काढला की पूर्ण व्यसनमुक्त राहण्याच्या बाबतीत ए. ए. आणि तिच्याकडे नेणारे पद्धतशीर उपचार हे इतर रूढ मानसोपचारांपेक्षा सरस ठरतात. आपल्या राज्यात पिण्याचा परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' म्हणून मिळतो, दुकानाची पाटी चौकातून दिसते. सोडण्याचा पत्ता मात्र विचारत फिरावे लागते. आपल्या 'शहरात आज' या सदरात व्याख्याने, कीर्तने, प्रदर्शने येतात. त्यातच रोज एक ओळ द्यावी : 'ए. ए. मीटिंग, अमुक शाळा, पहिला मजला, मागचे फाटक, सायंकाळी ७, मराठी, खुली.' खाली १४४४६. कुणाचा खासगी मोबाइल क्रमांक छापू नये. यादी दर तीन महिन्यांनी गटांकडून तपासून घ्यावी, शिवाय मे महिन्यात, निवडणुकीच्या आधी आणि गणपतीच्या आठवड्यात एकेकदा जास्त. तपासून आणण्याचे काम आम्ही विनामोबदला करू. सुरुवात दीप अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाच्या अंकापासून झाली तर उत्तम.

बातमीदार पाठवलात तर स्वागत आहे, खुल्या मीटिंगला तो बसू शकतो. सोबत फोटोग्राफर मात्र नको.

आपले,
व्यसनमुक्तीच्या कामातील काही कार्यकर्ते, पुणे